फ्लिक-आन-फ्लाकचं भाड्याचं घर : अकरा आठवडे राहून दिलेले गुण

आधी गुण सांगून टाकते, कारणं मागाहून. पाचपैकी साडेतीन. त्यातला दीड घराचा, एक कोपऱ्यावरच्या दुकानाचा आणि एक घराची देखभाल करणाऱ्या बाईंचा. समुद्राचे गुण धरलेले नाहीत. तो काही एजन्सीने बांधलेला नाही.

मॉरिशसमध्ये घर शोधत होते तेव्हा मराठीत जे काही सापडलं ते सगळं पाच रात्री-सहा दिवस राहून आलेल्यांनी लिहिलेलं. शामारेलची सात रंगांची माती, स्पीडबोट, आणि बुफेत गुलाबजाम होते की नव्हते. आम्हाला राहायचं होतं १४ जून ते ३१ ऑगस्ट. नवऱ्याचं तिथल्या एबेनला, ऑफिसांच्या वसाहतीत, काम निघालं, कंपनीने कागदपत्रं केली, आणि मी म्हटलं, एकटा कशाला जातोस, सगळेच येतो. सगळे म्हणजे आम्ही दोघं, आठ वर्षांचा थोरला, चार वर्षांची धाकटी आणि माझ्या सासूबाई, ज्यांचा पासपोर्ट दहा वर्षं कपाटात नुसता पडून होता. माझं काम घरूनच असतं, लोकांची जीएसटीची रिटर्नं भरते. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. डोंबिवलीतला क्लायंट साडेनऊला दुकान उघडून फोन करायचा तेव्हा आमच्याकडे आठ वाजलेले असायचे आणि माझ्या हातात धाकटीची वेणी.

अशा मुक्कामात समुद्र किती मिनिटांवर आहे हा प्रश्न दुय्यम. शेगडीवर कुकर बसतो का? पाचव्या माणसाला गरम पाणी मिळतं का? कपडे कुठे वाळत घालायचे? हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे. एजन्सीचं नाव देत नाही. आमचा थोडा वाद झाला, त्याबद्दल पुढे येईलच.

घर पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आन-फ्लाकला, मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. दोन बेडरूम, एक बैठकीची खोली, त्यालाच लागून ओटा, आणि पुढे लांबलचक व्हरांडा. भाडं महिना अडतीस हजार मॉरिशस रुपये. तिथला एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन धरा आणि मग गुणाकार करून पाणी प्या. जाहिरातीतल्या फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. तो फोटो गच्चीवरून, तेही पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढून काढलेला असणार, कारण थोरल्याने चढून बघितलं आणि तेवढ्यावरूनच तो तसा दिसला. आमच्या खिडकीतून दिसायची ती शेजाऱ्यांची पपई आणि त्यांचा कुत्रा.

जागा मात्र बरोबर निवडली गेली होती, आणि ती अक्कल माझी नाही, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची. जून ते ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. वारा आग्नेयेकडून येतो, मधल्या डोंगराळ पठारावर आपटतो आणि तिथेच सांडतो. म्हणून पठारावरच्या क्युरपीपला स्वेटर घालून छत्री धरायची वेळ येते, आणि पश्चिमेला आमच्याकडे लख्ख ऊन. बेट केवढं, तर १८६५ चौरस किलोमीटर. आपला रायगड जिल्हासुद्धा त्याच्या तिप्पट-चौपट आहे. तेवढ्याशा जागेत एका दिवसात दोन ऋतू बघून आईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "हे वरचं महाबळेश्वर आणि खालचं गुहागर." त्या मूळच्या गुहागरच्या, त्यामुळे किनाऱ्यावरची सुरूची झाडं बघून त्यांना परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. सुरूला तिथे फिलाओ म्हणतात. नाव बदललं म्हणून सुया पायाला टोचायच्या थांबत नाहीत.

आता घर. पहिला अर्धा गुण गेला गरम पाण्यात. गच्चीवर सोलरचा हीटर होता, आणि सोलर ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याला विजेची जोड नव्हती. टाकी दोन माणसांपुरती. आम्ही पाच. पहिल्या रात्री विमानातून आलेल्या सगळ्यांनी ओळीने अंघोळी केल्या आणि चौथ्या नंबरला माझा नवरा होता. त्याची किंकाळी ऐकून शेजारचा कुत्रा भुंकला. एजन्सीला कळवलं तर उत्तर आलं की इथे सगळीकडे सोलरच असतं. मग आम्ही वेळापत्रक केलं: मुलं दुपारी चारला, ऊन उतरायच्या आत, आई साडेचारला, आम्ही दोघं उरेल त्यात. ढगाळ दिवशी भांड्यात पाणी तापवायचं. हा कार्यक्रम अकरा आठवडे चालला. तुम्ही जाणार असाल तर घर ठरवण्याआधी एवढं एक विचारा: सोलरला विजेचा बॅकअप आहे का, आणि टाकी किती लिटरची.

दुसरं, खिडक्या. काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या, दांडा फिरवून उघडमीट करायच्या. उन्हाळ्यात झकास असतील. जुलैत रात्री पारा सतरा-अठरावर यायचा आणि त्या पट्ट्यांमधून वारा शिट्टी वाजवत आत. आम्ही 'उष्ण कटिबंध' हे शब्द भूगोलाच्या पुस्तकातून उचलून बॅगा भरलेल्या, सगळे सुती कपडे. आईंची शाल तेवढी होती, ती आळीपाळीने फिरली. खिडक्यांना मच्छरजाळी नव्हती. २०२५च्या पूर्वार्धात शेजारच्या रियुनियन बेटावर चिकुनगुन्याची मोठी साथ होऊन गेली होती, त्यामुळे मी त्या बाबतीत जरा वेडीच झाले होते. शेवटी जाळीचं कापड आणून चिकटपट्टीने लावलं. जाताना एजन्सीच्या माणसाने त्याच चिकटपट्टीचे डाग मोजले.

तिसरी गोष्ट ओटा. पांढराशुभ्र, गुळगुळीत, मासिकातल्या फोटोसारखा. त्यात बसवलेली काचेची विजेची शेगडी: चार गोल, दोन चालू, दोन शोभेचे. आम्ही डोंबिवलीहून तीन लिटरचा कुकर नेला होता. वीस वर्षांचा जुना, बुडाला पोक आलेला. काचेवर ठेवला की भोवऱ्यासारखा डुगडुगायचा आणि डाळ शिजायला पाऊण तास. पोळीचा तवा तर त्या काचेवर तापायलाच तयार नाही. पहिले तीन दिवस आम्ही पाव खाल्ला.

आणि इथेच कोपऱ्यावरचं दुकान सुरू होतं, ज्याला मी एकही हातचा न राखता पूर्ण गुण दिला आहे.

दुकानाला तिथे 'लाबुतिक' म्हणतात. आमचं लाबुतिक एका वयस्क चिनी जोडप्याचं. ते दोघं जन्मापासून मॉरिशसचेच. लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या, त्यावर टिनाचे डबे, मेणबत्त्या, शाळेच्या वह्या, खारवलेली मासळी, फोनचं रिचार्ज. दारात गॅसच्या बाटल्या रचलेल्या. सकाळी सहाला आणि दुपारी तीनला गरम पाव येतो. गोल, वरून कडक, आतून कापसासारखा, त्याला 'दिपें मेझों' म्हणतात. सरकार त्याची किंमत बांधून देतं, म्हणून तो अगदी नाममात्र पैशांत मिळतो. तीनच्या पावाला आमचा थोरला रांगेत असायचा. पहिल्या आठवड्यात तो बोटांनी आकडा दाखवायचा, तिसऱ्या आठवड्यात 'सँक दिपें, सिल्वुप्ले' म्हणायला लागला, आणि सहाव्या आठवड्यात मला कळलं की आमच्या नावाची उधारीची वही उघडली गेली आहे. तिला 'कार्ने' म्हणतात. त्यात दोन बर्फाच्या कांड्या आणि एक लिमोनाड लिहिलेलं, माझ्या परवानगीशिवाय. मालक हसून म्हणाले, मुलगा विश्वासू आहे. मुलगा विश्वासू आहे हे मला माहीत आहे, पैसे मी भरले.

शब्दांची मात्र मजा होती. क्रेओल ही फ्रेंचमधून निघालेली बोली, पण भाजीच्या टोपलीपाशी पोचली की तिला आपलं काहीतरी आठवतं. कोथिंबीर म्हणजे 'कोतोमिली', कढीपत्ता 'कारिपिले'. दोन्ही शब्द तमिळमधून आलेले. चटणी ती 'सातिनी'. वांगं 'ब्रेंझेल', भेंडी 'लालो', कारलं 'मार्गोझ', दोडका 'पिपांगाय'. टोमॅटोला मात्र 'पोमदामूर' म्हणतात, प्रेमाचं सफरचंद, आणि आई तो शब्द मोठ्याने उच्चारायला तयार नव्हत्या, बोट दाखवायच्या. माझी फजिती पिस्त्यात झाली. श्रीखंडावर घालायला म्हणून मी दुकानात 'पिस्तास' मागितलं. मालकिणीने भरभरून कागदाची पुडी बांधून दिली. घरी येऊन उघडली तर खारे शेंगदाणे. तिकडे शेंगदाण्यालाच पिस्तास म्हणतात. श्रीखंड आम्ही तसंच खाल्लं.

श्रीखंडाचा विषय निघालाच आहे तर दह्याचं सांगते, कारण हे कुठेच लिहिलेलं नसतं. ताजं दूध सहजी मिळत नाही. जे आहे ते बहुतेक पावडरीचं किंवा खोक्यातलं टिकाऊ. त्या दुधाला साय धरत नाही, हे आईंना वैयक्तिक अपमानासारखं वाटलं. विरजण लावलं तर थंडीमुळे दोन दिवस लागेना. मग नवऱ्याने शक्कल काढली: दह्याचा डबा फडक्यात गुंडाळून इंटरनेटच्या राऊटरवर ठेवायचा. राऊटर चोवीस तास कोमट. रात्री लावलेलं दही सकाळी कवडीसारखं. इंटरनेट एकदाही बंद पडलं नाही, आणि याबद्दल मी घराला जो दीड गुण दिला त्यातला अर्धा आहे. जुलैच्या वीस तारखेला मी एका दिवसात चौदा रिटर्नं भरली, शेजारी दही लागत असताना.

गॅसचा प्रश्न सोडवला मातांतनी. मातांत म्हणजे क्रेओलमध्ये मावशी. घर आवरायला आणि चादरी बदलायला मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या बाईंना सगळी गल्ली तेच म्हणायची, म्हणून आम्हीही. साठीच्या, बारीक, पायात कायम प्लास्टिकच्या सपाता. पहिल्या शुक्रवारी त्यांनी माझा डुगडुगणारा कुकर बघितला, काही बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी भाच्याच्या गाडीतून एक शेगडीचा चुलाणा आणि बारा किलोची गॅसची बाटली घेऊन आल्या. व्हरांड्यात मांडून दिली. तेव्हापासून आमचं खरं स्वयंपाकघर व्हरांड्यात आणि मासिकातला पांढरा ओटा नुसता चिरायला. एजन्सीला हे माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

पण त्या शुक्रवारची खरी गोष्ट वेगळीच आहे. मातांत आमच्याशी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी बोलत होत्या. फडताळ पुसताना त्यांनी मेतकुटाचं पाकीट उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं: "मे… त… कू… ट." आई जागच्या जागी थिजल्या. "तुम्हाला मराठी येतं?" मातांत लाजल्या. म्हणाल्या, वाचता येतं, बोलायला येत नाही. त्या मराठीच. त्यांच्या पणजोबांना 'बोंबे'हून आणलेलं, एवढंच घरात ठाऊक. आडनाव म्हणावं तर ते आपल्याकडच्या जुन्या माणसाचं नुसतं नावच होतं, कारण नोंदणीच्या वेळी कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. लहानपणी शाळेत मराठीचा तास असायचा आणि संध्याकाळी बैठकेत. बैठका म्हणजे गावातली एक खोली, जिथे मजुरांच्या मुलांना आपापली भाषा आणि आरत्या शिकवल्या जायच्या. घरात मात्र क्रेओल आणि भोजपुरी. त्यामुळे आरत्या तोंडपाठ, पण 'मीठ कुठे आहे' विचारायला शब्द नाही. आईंनी त्या दिवसापासून त्यांना दर खेपेला एक वाक्य द्यायचं ठरवलं. पहिलं वाक्य होतं, "चहा घेता का?" दर मंगळवारी, शुक्रवारी दारातून आत येताना मातांत तेच म्हणायच्या, आणि चहा आम्हीच करायचो. चहाही तिथलाच, बोआ शेरीचा, व्हॅनिलाच्या वासाचा. आईंनी पहिल्या घोटाला विचारलं, यात साबण पडलाय का. जाताना चार पाकिटं घेतली.

बाजाराला आम्ही काट्र-बोर्नला जायचो. भाजीचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, कपड्यांचा गुरुवारी आणि रविवारी. उलट दिवशी गेलात तर मेथीऐवजी गाऊन घेऊन याल. मी आलेय. बस फ्लिक-आन-फ्लाकहून थेट मिळते, बहुतेक अशोक लेलँडच्या, जुन्या, आवाज ओळखीचा. तिकीट देणारा कंडक्टर, उतरायला घंटा. शेवटची बस लवकर जाते, हे विसरलात तर टॅक्सीवाल्याच्या दयेवर. वाटेत उसाची शेतं. तोड जूनमध्ये सुरू होते, रस्त्यावर ऊस भरलेले ट्रक, शेतातल्या उरलेल्या उसाला तुरे आलेले. शेतांमध्ये मधूनमधून काळ्या दगडांचे उंच ढिगारे दिसतात. थोरल्याने विचारलं, हे किल्ले आहेत का? नाहीत. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, जमिनीत दगडच दगड. ऊस लावायचा तर आधी ते हातांनी वेचावे लागले. वेचणारे आपल्याकडून नेलेले. १८३४ पासून १९२०च्या सुमारापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरवली गेली. आम्ही एका शनिवारी काट्र-बोर्नहून मेट्रोने जाऊन तो धक्का, आप्रवासी घाट, बघून आलो. मेट्रो आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली आहे, हे नवऱ्याने डब्यात तीनदा सांगितलं, जणू रुळ त्यानेच टाकले. घाटावर आई काही बोलल्या नाहीत. बसने परत येताना मात्र त्या दगडांच्या ढिगांकडे मान वळवून वळवून बघत होत्या.

बाजारातल्या पालेभाजीला 'ब्रेद' म्हणतात. एका बाईच्या गाळ्यावर 'ब्रेद मुरूम' म्हणजे चक्क शेवग्याचा पाला, 'ब्रेद शूशू' म्हणजे चोचोचे कोवळे शेंडे, आणि 'ब्रेद सोंज'. ती पानं बघून आईंच्या डोळ्यांत जी चमक आली ती समुद्र बघूनही आली नव्हती. अळू! त्यांनी देठ मोडला, रस बोटाला लावला, कानामागे चोळला आणि उभ्या राहिल्या. भाजीवाली बघतेय, रांग बघतेय, मी जमिनीत शिरायच्या बेतात. दोन मिनिटांनी जाहीर केलं, "खाजरं नाही. चार जुड्या घे." त्या रात्री अळूचं फदफदं झालं, चिंच घालून, ओल्या खोबऱ्याचे काप, आणि डाळीबरोबर ते खारे पिस्तास धुऊन. पहिल्यांदा ते घर आमचं वाटलं.

बाहेरच्या खाण्यात एकाच गोष्टीबद्दल लिहिते, कारण बाकी हॉटेलं आम्हाला परवडली नाहीत. ढालपुरी. समुद्रकाठी दुपारी हातगाड्या, काचेच्या पेटीत फडक्याखाली थप्प्या. नेहमी जोडीने देतात, एक मागितलीत तरी दोन. पिवळी चण्याची डाळ शिजवून, रवाळ वाटून, हळद आणि भाजलेलं जिरं घालून आत भरलेली. इतकी पातळ लाटलेली की कागदातून उचलली की बोटं दिसतात. त्यावर पांढऱ्या मोठ्या वालाची रस्सा भाजी, टोमॅटोचं रुगाय, कोथिंबिरीची चटणी, विचाराल तर मिरचीचा ठेचा. विचारताना जपून. आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "पुरणपोळीचा गूळ कुणी काढून घेतला?" दुसऱ्या जोडीला मात्र त्यांनी कागदसुद्धा पुसून घेतला. दाताखाली डाळीचा किंचित कण राहायला हवा, ही त्यांची परीक्षा. आमच्या गाडीवाल्याने ती दर वेळी पास केली, शेजारच्याची पार लापशी असायची.

किनाऱ्यावरचा रविवार हा वेगळाच प्रकार. अख्खी घरं टेंपोतून येतात, सुरूंच्या खाली ताडपत्री बांधतात, बिर्याणीची डेग उतरवतात आणि अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. दुपारनंतर कुणीतरी वाळक्या सुयांचा जाळ करतं. पहिल्यांदा वाटलं मासे भाजणार. तर रावान तापवायला. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा खंजिरीसारखा वाद्यप्रकार. कातडं तापून ताणलं की सेगा, म्हणजे तिथला गाण्यासह नाच, सुरू होतो. आमच्या धाकटीने त्यात प्रवेश मिळवायला एक मिनिटही घेतलं नाही. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद असतात, हेही याच ओळीत लिहून ठेवते. आमचं लाबुतिकसुद्धा. दूध शनिवारीच आणा.

पाण्यात उतरताना रबरी बूट घाला. फ्लिक-आन-फ्लाकला प्रवाळाच्या भिंतीमुळे आतलं पाणी शांत आणि उथळ असतं, मुलांना उत्तम, पण खडकांमध्ये समुद्री साळू असतात, काळ्या लांब काट्यांचे. थोरल्याने एकदा बूट काढले आणि टाचेत सात काटे घेऊन आला. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी गरम पाणी आणि व्हिनेगर सांगितलं. दोन दिवस लंगडला, पाव आणायला मात्र गेला. उधारी चालूच होती.

जुलैच्या शेवटी दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. गच्चीवर टाकी होती, पण ती खालच्या भाडेकरूंबरोबर सामायिक, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. खालच्यांनी गाड्या धुतल्या आणि आम्ही बादल्या मोजल्या. एजन्सीचा फोन तिसऱ्या दिवशी आला, पाणी आल्यावर. या एका गोष्टीचे मी गुण अजून कापायला हवे होते, पण तेव्हा मातांतनी त्यांच्या गावाहून दोन पिंपं पाठवली आणि राग अर्धवट राहिला.

मातांतचं गाव कास्कावेल, आमच्यापासून जवळच. २७ ऑगस्टला त्यांच्याकडे गणपती. मॉरिशसमध्ये गणेशोत्सवाची सार्वजनिक सुट्टी असते, हे मी ऐकून होते, पण ती चतुर्थीची नाही तर दुसऱ्या दिवसाची, विसर्जनाची. १८९६ साली हेन्रिएटा गावात एका मराठी कुटुंबाने पहिला गणपती बसवला असं सांगतात. मातांतकडे दीड दिवसात सगळं आटोपतं, पण त्या दीड दिवसात झोपत कुणी नाही. अंगणात पत्र्याचा मांडव, केळीचे खांब, मूर्ती लहानशी. आरती सुरू झाली आणि आमच्यासकट तीसेक माणसं एका सुरात. उच्चार थोडे वेगळे, 'ळ' बहुतेकांनी सोडून दिलेला, पण एक कडवं गाळलं नाही. आम्ही घरी गाळतो.

त्यानंतर मुलं गोल करून उभी राहिली, मधे ढोलकी आणि झांजा, आणि पाय आपटत, वाकत, गिरक्या घेत नाचायला लागली. तिथे त्याला झाकरी म्हणतात. आई खुर्चीवरून उठल्या. "अहो, ही आमची जाखडी." गुहागरला त्यांच्या वाडीत गणपतीत जाखडी व्हायची, मुंबईहून चाकरमानी येत तेव्हा. त्यांनी चपला काढल्या आणि गोलाच्या बाहेर उभ्या राहून नुसता पायाने ठेका धरला. आत या म्हणून पोरांनी ओढलं तरी गेल्या नाहीत. गुडघे. पण ठेका एकदाही चुकला नाही, आणि मातांत शेजारी येऊन त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक आमच्याच किनाऱ्यावर आली, बांबूच्या मखरांवर कागदी फुलं, पोलीस रहदारी थांबवून उभे, आणि लाबुतिकच्या मालकांनी दुकानासमोर सगळ्यांना लिमोनाड वाटलं. आमच्या वहीत ते लिहिलं नव्हतं, मी तपासलं.

आता अनामत रकमेचं. ३१ ऑगस्टला सकाळी एजन्सीचा तरुण किल्ल्या घ्यायला आला, हातात यादी. एक पेला फुटलेला, मान्य. खिडक्यांवर चिकटपट्टीचे डाग, अर्धवट मान्य. आणि त्या पांढऱ्या ओट्यावर हळदीचा तळहाताएवढा पिवळा डाग. २७ तारखेच्या मोदकांबरोबर आईंनी मसालेभाताची तयारी तिथे केली होती, चिरायच्या पाटाखालून हळद सांडली. मी साबण, सोडा, टूथपेस्ट, सगळं करून पाहिलेलं. त्याने फोटो काढला, ओट्याचा दगड बदलावा लागेल म्हणाला आणि अडीच हजार रुपये कापले. मी सोलरचा, पाण्याचा, सगळा हिशेब काढला. तो म्हणाला, ते तुमच्या करारात नाही. विमानाची वेळ झाली होती.

मातांत तिथेच होत्या, चादरी काढत. काही बोलल्या नाहीत. मी निघताना त्यांना कुकर दिला. त्यांच्या गॅसवर तो डुगडुगत नाही.

डोंबिवलीला येऊन आठ दिवस झाले तेव्हा आईंच्या फोनवर एक फोटो आला. तोच ओटा, शेजारची पट्ट्यांची खिडकी सताड उघडलेली, ऊन थेट दगडावर, आणि डागाच्या जागी काहीच नाही. लिंबू चोळून ऊन दिलं होतं, चार दिवस. खाली देवनागरीत, एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं: चहा घेता का.